ताणातून आलेलं डिप्रेशन आणि अश्वगंधा, हळद, केशर: गोळी सोडून हे चालेल का?

तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. बहीण एकतीस वर्षांची, बँकेत नोकरी, बदलीनंतर टार्गेटचं प्रेशर वाढलं, त्यातच सासऱ्यांचं आजारपण निघालं, पाच-सहा महिने झाले झोप उडालीय, उगाच रडू येतं, कशात मन लागत नाही. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी १० मिलिग्रॅम सुरू करून तीन आठवडे झालेत आणि तिला अजून म्हणावा तसा फरक वाटत नाही. इकडे घरच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की वनस्पतींतली संयुगं डिप्रेशनवर गोळ्यांइतकीच चालतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, आणि साईड इफेक्ट शून्य. म्हणून तुम्ही विचारताय की गोळी बंद करून अश्वगंधा, करक्युमिन (हळदीतलं मुख्य संयुग) किंवा केशर द्यावं का, आणि ऑनलाइन सेंट जॉन्स वॉर्ट नावाच्या कॅप्सूल मिळतात त्या कशा आहेत.

आधी उत्तर देते, मग कारणं. गोळी बंद करू नका. सेंट जॉन्स वॉर्ट तर अजिबात आणू नका, निदान ही गोळी चालू असेपर्यंत. बाकीच्यांबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण त्या मेसेजमध्ये सगळंच खोटं नाहीये, आणि अर्धं खरं असलेल्या गोष्टीनंच माणूस जास्त फसतो.

मी सांगलीत मानसोपचाराची प्रॅक्टिस करते. आमच्याकडे हळदीचा बाजार, त्यामुळे करक्युमिन हा शब्द इथल्या पेशंटना मी सांगायच्या आधीच माहीत असतो. ओपीडीत दर आठवड्याला कोणीतरी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवतं आणि विचारतं, मॅडम हे घेतलं तर चालेल ना. मी त्यांना कधी हसत नाही आणि झटकूनही टाकत नाही, कारण प्रश्न रास्त आहे. वनस्पतीतून मेंदूवर काम करणारं औषध निघू शकतं हे या देशानं जगाला दाखवून दिलेलं आहे.

सर्पगंधेचीच गोष्ट घ्या. १९३१ साली कलकत्त्यात सेन आणि बोस या दोघांनी ही मुळी वेडाच्या तीव्र अवस्थेत आणि ब्लडप्रेशरमध्ये वापरून त्यावर लिहिलं. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ब्लडप्रेशरच्या पेशंटवरचा आपला अनुभव आकडेवारीसकट छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं. आता पुढचा भाग महत्त्वाचा. रेसरपिन घेणाऱ्या काही पेशंटना ब्लडप्रेशर छान उतरलं पण माणूस खिन्न, सुन्न होऊन बसायला लागला, काहींना आत्महत्येचे विचार यायला लागले. प्रयोगशाळेत ससे रेसरपिन दिल्यावर कान पाडून निपचित बसायचे, आणि तपासल्यावर दिसलं की शरीरातला, मेंदूतला सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा साठाच रिकामा झालाय. स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये अशाच निपचित सशांना एल-डोपा, म्हणजे मेंदूत ज्यापासून डोपामिन हे दुसरं रसायन बनतं ते, दिलं तर ते पुन्हा हालचाल करायला लागले, पुढे २००० साली त्यांना नोबेल मिळालं. डिप्रेशनमध्ये मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं कमी पडतात ही जी कल्पना घेऊन पुढची कितीतरी वर्षं गोळ्या बनल्या, तिच्या मुळाशी ही मुळी आहे. रेसरपिन आणि डिप्रेशनचा संबंध तेव्हा वाटला तितका सरळ नाही असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं, आणि सेरोटोनिन कमी म्हणजे डिप्रेशन इतकं सोपं ते नाही हेही आता सगळे मानतात. पण सर्पगंधेनं एक गोष्ट कायमची पटवून दिली की वनस्पती मेंदूपर्यंत पोचते, चांगलं करते तशी वाईटही करते, आणि ते डोसवर ठरतं. मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे की वनस्पतीला औषध म्हणायचं असेल तर पूर्ण औषध म्हणा, म्हणजे तिचा डोस, तिचे दुष्परिणाम, दुसऱ्या गोळ्यांशी तिचं भांडण, हे सगळं धरून. गुण आला की औषध आणि अपाय झाला की 'ते तर नैसर्गिक आहे', असं दोन्हीकडून चालत नाही.

आता ताणाचा भाग. तुमच्या बहिणीसारखी केस असते तेव्हा नातेवाईक म्हणतात की हे डिप्रेशन नाही हो, नुसतं टेन्शन आहे, परिस्थिती बदलली की जाईल. कधीकधी जातंही. पण ताण महिनोन्‌महिने चालला की शरीरातली ताणाची यंत्रणाच बिघडते. मेंदूतला हायपोथॅलॅमस सिग्नल देतो, पिट्युटरी ग्रंथी तो पुढे ढकलते, किडनीवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. एरवी कॉर्टिसॉल वाढलं की मेंदूला कळतं आणि तो नळ बंद करतो. डिप्रेशनच्या बऱ्याच पेशंटमध्ये हे बंद करणं नीट होत नाही, कारण कॉर्टिसॉल ओळखणारे रिसेप्टर बधिर झालेले असतात. प्राण्यांमध्ये दिसलंय की असं चालू राहिलं तर हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींच्या फांद्या आखूड होतात, पेशींना पोसणारं बीडीएनएफ नावाचं प्रथिन कमी होतं. जोडीला अंगात बारीकशी सूज राहते, आयएल-६ सारखे सूज दाखवणारे घटक काही पेशंटमध्ये वाढलेले सापडतात.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे वनस्पतींच्या संयुगांवर संशोधन करणाऱ्यांचा सगळा भर इथेच आहे. करक्युमिन सूज कमी करतं, अश्वगंधेनं कॉर्टिसॉल उतरतं, जिनसेंगमधली जिनसेनोसाईड्स, दारुहळदीतलं बर्बेरिन, केशरातलं क्रोसिन, कांद्यात-सफरचंदात असतं ते क्वेर्सेटिन, यांच्यावर प्राण्यांमधले अभ्यास मोप आहेत आणि बहुतेकांत निकाल चांगलाच आलेला आहे. एका संयुगानं एकाच वेळी सूज, कॉर्टिसॉल आणि बीडीएनएफ तिन्हीवर काम करणं ही कल्पना मला स्वतःला खरोखर आशादायक वाटते, कारण सध्याच्या गोळ्यांनी सगळ्यांना बरं वाटत नाही, आणि ज्यांना नाही वाटत त्यांच्याकडे बघून दर ओपीडीला वाटतं की काहीतरी नवीन यायला पाहिजे.

पण 'प्राण्यांमध्ये चांगला निकाल' म्हणजे नेमकं काय झालं असतं ते बघा, मग मेसेज वाचायची नजरच बदलते.

सगळ्यात जास्त वापरली जाते ती सक्तीनं पोहायला लावायची टेस्ट, पॉरसोल्ट यांनी १९७७ मध्ये काढलेली. मेडिकल कॉलेजच्या फार्माकॉलॉजी विभागात ती मी जवळून बघितलीय. उभा काचेचा सिलिंडर, त्यात साधारण २५ अंशांचं पाणी, उंच इतकं की उंदराचे पाय तळाला टेकत नाहीत आणि वरून बाहेरही येता येत नाही. उंदीर आधी जिवाच्या आकांतानं हातपाय मारतो, काचेवर चढायला बघतो, मग थकतो आणि नाक तेवढं पाण्यावर ठेवून नुसता तरंगत राहतो. सहा मिनिटांची टेस्ट, शेवटची चार मिनिटं स्टॉपवॉच धरून मोजायचं की किती सेकंद तो न हलता तरंगला. औषध दिलेला उंदीर कमी वेळ तरंगला, जास्त वेळ धडपडला, तर लिहायचं की डिप्रेशनविरोधी परिणाम दिसला. गंमत अशी की इथे औषधाचे एक-दोन डोस दिले तरी परिणाम दिसतो, माणसाला मात्र त्याच गोळीचा गुण यायला आठवडे लागतात. कॉफीतल्या कॅफिननंही उंदीर जास्त वेळ पोहतो. आणि तरंगत राहणं म्हणजे निराशाच कशावरून, बाहेर पडता येत नाही हे कळल्यावर शक्ती वाचवणं हा शहाणपणाही असू शकतो, असा आक्षेप संशोधकच घेतात.

दुसरी पद्धत याहून कितीतरी चांगली आणि ताणाच्या डिप्रेशनला जवळची आहे. ऐंशीच्या दशकात विलनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. उंदराला काही आठवडे बारीकसारीक त्रास द्यायचे, तेही कधी कुठला येईल ते कळू न देता. आज पिंजरा तिरका, उद्या अंथरलेला भुसा ओला, परवा रात्रभर दिवा चालू, कधी पाणी बंद, कधी अनोळखी उंदीर शेजारी. मोठं काहीच नाही. पण काही आठवड्यांनी समोर दोन बाटल्या ठेवल्या, एकीत साधं पाणी आणि एकीत हलकं साखरपाणी, तर एरवी साखरेवर तुटून पडणारा उंदीर आता तिकडे फारसा फिरकत नाही. गोडाचं गोड लागणंच कमी झालंय. डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर काही आठवड्यांत, म्हणजे माणसाला लागतो तेवढ्याच काळात, तो पुन्हा साखरपाणी प्यायला लागतो. तुमच्या बहिणीनं तुम्हाला सांगितलं ना की आवडीचं खातानाही काही वाटत नाही, आम्ही हेच लक्षण फार काळजीपूर्वक विचारतो. म्हणून या पद्धतीत एखादं संयुग चाललं तर मी तो पेपर नीट वाचते.

तरीही उंदरापासून बहिणीपर्यंत यायला मध्ये बरंच अंतर आहे, आणि त्यातली पहिली अडचण डोसची. हिशेब करून दाखवते. समजा लहान उंदराला वजनाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅम करक्युमिन दिलं. माणसासाठी तो आकडा ढोबळ मानानं बारानं भागायचा, म्हणजे किलोमागे ८ मिलिग्रॅम, साठ किलोच्या बाईला जवळपास ५०० मिलिग्रॅम. हे झालं शुद्ध करक्युमिन. हळदीच्या पुडीत करक्युमिन असतं साधारण २ ते ५ टक्के. ३ टक्के धरलं तर ५०० मिलिग्रॅमसाठी सोळा-सतरा ग्रॅम पूड पोटात गेली पाहिजे, आणि माणसांवरच्या अभ्यासात वापरलेल्या १००० मिलिग्रॅमसाठी ३३ ग्रॅम, म्हणजे रोज दहा-अकरा चमचे. आपण हळदीच्या दुधात घालतो अर्धा चमचा, त्यात करक्युमिन आलं पन्नास मिलिग्रॅमच्या आत. हळदीचं दूध जरूर प्या, रात्री गरम दूध पिऊन झोपायला कोणाची ना नाही, पण त्याला डिप्रेशनची ट्रीटमेंट समजू नका.

त्यातही पोटात गेलेलं करक्युमिन रक्तात जवळजवळ पोचतच नाही, आतड्यात आणि लिव्हरमध्येच शरीर त्याला बदलून बाहेरची वाट दाखवतं. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दोन ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातलं पिपरिन २० मिलिग्रॅम दिलं तर माणसांच्या रक्तातलं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. तेव्हापासून बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये पिपरिन घालतात. जाहिरातीत हे मोठ्या अक्षरात असतं. पण पिपरिन हे काम करतं ते शरीराची औषधं निकामी करायची यंत्रणा मंद करून, आणि ती यंत्रणा फक्त करक्युमिनसाठी नसते. फिटची फेनिटॉइन, धडधडीसाठी देतात ती प्रोप्रॅनोलॉल, यांचंही रक्तातलं प्रमाण पिपरिननं वाढलेलं दिसलंय. भाजीतल्या मिऱ्यानं असं काही होत नाही, घाबरू नका, मी कॅप्सूलबद्दल बोलतेय.

मग माणसांवर काय झालंय? करक्युमिनचा एक अभ्यास आपल्या शेजारच्या राज्यातला आहे, भावनगरच्या मेडिकल कॉलेजचा, २०१४ मध्ये छापून आला. ६० पेशंट, तीन गट, एकाला फ्लुऑक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी २० मिलिग्रॅम, एकाला करक्युमिन १००० मिलिग्रॅम, एकाला दोन्ही, सहा आठवडे. गुण आला फ्लुऑक्सेटिनवाल्यांत ६४.७ टक्के लोकांना, करक्युमिनवाल्यांत ६२.५ टक्के, दोन्हीवाल्यांत ७७.८ टक्के, आणि हे फरक संख्याशास्त्रानं दखल घेण्याइतके मोठे नव्हते. 'गोळ्यांइतकीच गुणकारी' हे वाक्य बहुधा अशाच एखाद्या अभ्यासावरून आलेलं असतं. यात खोटं काहीच नाही. पण प्लासिबोचा, म्हणजे नुसत्या कोऱ्या गोळीचा गट यात नव्हता. डिप्रेशनच्या ट्रायलमध्ये कोऱ्या गोळीवरही ३५ ते ४० टक्के लोकांना गुण येतो, कारण दर आठवड्याला कोणीतरी आस्थेनं विचारतं, काही जणांचा एपिसोड आपोआप ओसरतो, आणि आशेचाही परिणाम होतो. एका गटात वीसेक माणसं असताना आणि कोरी गोळी नसताना 'सारखंच चाललं' याचा अर्थ 'करक्युमिन चालतं' असा लगेच काढता येत नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ५६ लोकांवर कोऱ्या गोळीशी तुलना करून आठ आठवडे अभ्यास झाला, त्यात चौथ्या आठवड्यानंतर करक्युमिनचा फरक दिसला. म्हणजे काहीतरी आहे. मी स्वतः म्हणेन की सौम्य त्रासात, जोडीला म्हणून, यावर आणखी मोठं काम व्हायला पाहिजे, आणि हळद पिकवणाऱ्या राज्यात तर नक्कीच.

केशराचं बरचसं काम तेहरानचं. २००४ मध्ये रोज ३० मिलिग्रॅम केशर विरुद्ध इमिप्रामिन ही डिप्रेशनची जुनी गोळी १०० मिलिग्रॅम, ३० पेशंट, २००५ मध्ये केशर विरुद्ध फ्लुऑक्सेटिन २० मिलिग्रॅम, ४० पेशंट, दोन्ही सहा आठवड्यांचे, दोन्हीत केशर गोळीच्या बरोबरीनं उभं राहिलं. केशरावर नंतर कोऱ्या गोळीशी तुलना करूनही अभ्यास झाले आणि निकाल बरे आले. वनस्पतींच्या यादीत मला केशर बरंच पुढचं वाटतं, हे प्रामाणिकपणे सांगते. अडचण अभ्यासांच्या आकाराची आहे आणि मालाची. एक किलो केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात, एवढी महाग वस्तू म्हटल्यावर भेसळ आलीच, करडईच्या पाकळ्या, मक्याच्या कणसाचे रंगवलेले केस, काहीही. ट्रायलमध्ये मोजून-मापून दिलेलं ३० मिलिग्रॅम आणि डबीतल्या चार काड्या यांची तुलना होत नाही. आणि बहीण पुढे-मागे गरोदर राहायचा विचार करत असेल तर औषधी डोसातलं केशर विचारल्याशिवाय घेऊ नये.

अश्वगंधेबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून थोडं थांबून लिहिते. २०१२ मध्ये एका भारतीय अभ्यासात ताणाची तक्रार असलेल्या ६४ लोकांना ६० दिवस मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिला, ताणाचे मार्क बरेच उतरले आणि सकाळचं कॉर्टिसॉल २७.९ टक्क्यांनी कमी झालं, कोऱ्या गोळीवर ७.९ टक्के. आकडे चांगले आहेत. पण हे ताणाची तक्रार असलेले लोक होते, डिप्रेशनच्या पेशंटचा हा अभ्यास नव्हता, आणि कॉर्टिसॉल उतरलं म्हणजे डिप्रेशन उतरलं असं समीकरण नाही. कॉर्टिसॉल थेट कमी करणारी औषधं डिप्रेशनमध्ये वापरून पाहिलीयत, तिथेही निकाल कधी हो कधी नाही.

आणि अश्वगंधेला साईड इफेक्ट नाहीत हे साफ चूक आहे. माझ्याकडे एक शिक्षिका यायच्या, थायरॉईडची गोळी चालू, चिंता-झोप यासाठी माझी गोळी चालू, तब्येत छान सावरलेली. एकदा आल्या त्या हात थरथरताहेत, छातीत धडधड, वजन उतरलेलं, झोप पुन्हा गेलेली. मला वाटलं चिंता उसळली. मग नेहमीचा प्रश्न विचारला की नवीन काय सुरू केलंय, तर पर्समधून अश्वगंधेची बाटली निघाली, दीड-दोन महिन्यांपासून चालू. थायरॉईड तपासलं तर हार्मोन वर गेलेलं, थायरॉईडला हुकूम देणारं टीएसएच खाली दबलेलं. बाटली बंद केली, फिजिशियननी थायरॉईडचा डोस पुन्हा बसवला, हळूहळू सगळं जागेवर आलं. एका केसवरून सिद्ध काही होत नाही, पण अश्वगंधेनं थायरॉईड हार्मोन वाढतं हे अभ्यासांतही दिसलंय. लिव्हरचं तर याहून गंभीर. अमेरिका-आइसलँडमधून २०२० मध्ये आणि नंतर भारतातूनही अश्वगंधेनंतर कावीळ झालेल्या पेशंटची मालिका छापून आलीय, भारतातल्या मालिकेत आधीच लिव्हरचा जुना आजार असलेले काही जण दगावले. डेन्मार्कनं २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. मी बंदीच्या बाजूची नाही, बहुसंख्य लोकांना काही होत नाही. पण सुरू केल्यावर दोन ते बारा आठवड्यांत अंगाला खूप खाज सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद करून लिव्हरची तपासणी करायची, हे प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असायला हवं. आपल्याकडे पूर्वापार मूळ वापरतात, पानांत विदाफेरिन-ए हे पेशींना अपाय करू शकणारं संयुग जास्त असतं, आणि स्वस्तातल्या अर्कात पानं मिसळली जातात का हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो.

आता सेंट जॉन्स वॉर्ट. युरोपातलं पिवळ्या फुलांचं झुडूप, आपल्याकडे काश्मीर-हिमाचलकडेही उगवतं. वनस्पतींमध्ये सर्वात भक्कम पुरावा याचाच आहे. सगळ्या ट्रायल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००८ मधल्या आढाव्यात २९ ट्रायल, ५४८९ पेशंट, निष्कर्ष असा की कोऱ्या गोळीपेक्षा सरस, नेहमीच्या गोळ्यांच्या बरोबरीचं आणि साईड इफेक्ट कमी, फक्त जर्मन भाषिक देशांतले निकाल इतरांपेक्षा जास्त चांगले आले होते. उलट २००२ मध्ये अमेरिकेत ३४० पेशंटवरच्या मोठ्या ट्रायलमध्ये ते कोऱ्या गोळीच्या पुढे गेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या ट्रायलमध्ये तुलनेला घेतलेली सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळीही मुख्य मोजमापांवर पुढे गेली नव्हती.

मग मी इतक्या ठामपणे नको का म्हणते? कारण त्यातलं हायपरफोरिन. ते सेरोटोनिन वाढवतं, बहिणीची गोळीही तेच करते, दोन्ही एकत्र आले तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊ शकतं. थरथर, घाम, जुलाब, अस्वस्थपणा, ताप, स्नायूंना झटके, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर जिवावर बेततं. शिवाय हायपरफोरिन लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे दुसऱ्या गोळ्या रक्तातून लवकर नाहीशा होतात. २००० साली झुरिकमध्ये हृदय बदललेल्या दोन पेशंटनी हे घेतलं, नवा अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिनचं त्यांच्या रक्तातलं प्रमाण उतरलं आणि शरीर नवं हृदय नाकारायला लागलं. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करायची वॉर्फरिन, एचआयव्हीची औषधं, सगळ्यांचा परिणाम यानं कमी होतो. तुम्ही लिहिलंय की बहीण गर्भनिरोधक गोळ्या घेते. त्या निकामी झाल्या तर आधीच खचलेल्या मुलीवर काय प्रसंग येईल याचा विचार करा. बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे राहतो.

मालाच्या शुद्धतेबद्दल थोडक्यात. २००४ मध्ये बोस्टन परिसरात विकत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. सगळी उत्पादनं अशी नसतात, पण पुडीत बांधून दिलेलं, लेबल नसलेलं, घटक न सांगणारं काहीही डिप्रेशनसाठी घेऊ नका. वैद्यांकडे जायचं असेल तर जरूर जा. चांगले वैद्य विषाद हा विकार मानतात आणि पेशंटला तासभर वेळ देतात, माझ्या काही पेशंटना त्याचा फायदा झालेला मी पाहिलाय. फक्त बीएएमएस-एमडी झालेले, नोंदणी असलेले वैद्य बघा, चालू गोळ्यांची चिठ्ठी त्यांना दाखवा, आणि त्यांनी दिलेल्या औषधांची नावं आम्हाला दाखवा. जो कोणी 'आधी त्या इंग्लिश गोळ्या फेकून द्या' म्हणतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका, मग तो कोणत्याही पॅथीचा असो.

बहिणीबद्दल नेमकं. तीन आठवडे म्हणजे गोळीला पुरेसा वेळ नाही. बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत फरक पडायला लागतो, पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ आठवडे लागतात. कधी तिच्या आधी तुम्हाला फरक दिसेल, ती स्वतःहून फोन उचलेल, अंघोळ वेळेवर करेल, आणि तरी म्हणेल की मला काहीच वाटत नाही. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं हे सुरुवातीला होतं आणि बहुधा ओसरतं. सहा आठवड्यांनंतरही जैसे थे असेल तर डोस वाढवणं, गोळी बदलणं, समुपदेशन जोडणं हे मार्ग आहेत. समुपदेशन तर मी आत्ताच सुरू करा म्हणेन, कारण टार्गेट आणि सासऱ्यांचं आजारपण या दोन्हीवर कुठल्याच कॅप्सूलचा इलाज नाही. सासऱ्यांच्या रात्रीच्या जागरणाची पाळी कोण वाटून घेणार हे घरात बसून ठरवा, रजेचा अर्ज करायला तिला मदत करा. गोळी एकदम बंद केली तर चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, चिडचिड असा त्रास होतो आणि घरच्यांना वाटतं की बघा सवय लागली. बंद करायची वेळ येते तेव्हा आम्ही पायरीपायरीनं उतरवतो.

तिला काहीतरी नैसर्गिक हवंच असेल, त्यानं तिच्या मनाला उभारी वाटत असेल, तर रोज सकाळी उजेडात अर्धा-पाऊण तास भरभर चालणं सुरू करा, शक्यतो कोणीतरी सोबत जा. व्यायामावरचा पुरावा वर लिहिलेल्या बहुतेक वनस्पतींपेक्षा भक्कम आहे. जेवणातली हळद, दुधातलं केशर चालू द्या. करक्युमिन कॅप्सूल घ्यायचीच म्हणत असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. पित्ताशयात खडे असतील, लिव्हरचं काही असेल किंवा अ‍ॅस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर नकोच, एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांनीही रक्तस्राव व्हायची शक्यता थोडी वाढलेली असते. अश्वगंधा तिच्या बाबतीत मी सध्या देणार नाही, थायरॉईड आणि लिव्हरची तपासणी झालेली नसताना तर नाहीच.

आणि एक गोष्ट तिला आजच विचारा, एकटीला घेऊन, सरळ शब्दांत: जगू नये असं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का. विचारल्यानं तो विचार डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, रात्र असेल तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या, तिला एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे.

नसेल असं काही, तर ठरलेल्या तारखेला डॉक्टरांकडे जाताना घरात जे जे आणून ठेवलंय ते सगळं, चूर्णं, कॅप्सूल, थायरॉईडची, गर्भनिरोधक, डोकेदुखीची गोळी, एका पिशवीत भरून घेऊन जा आणि टेबलावर ठेवा.